चित्रांची काच

डेल्बर्ट वोंद्राच्या प्लिमथ गाडीला मागची काच होती, पण तिच्यातून मागचं काही दिसत नसे.

काच चित्रांनी भरलेली होती. यलोस्टोनचं अस्वल, बॅडलँड्सच्या सुळक्यांपुढे मान खाली घालून उभा असलेला रानरेडा, कार्ल्सबादच्या गुहेतली वटवाघळं, हात वर केलेलं ॲरिझोनाचं निवडुंग. दर उन्हाळ्यात गव्हाची कापणी आटोपली, की डेल्बर्ट आपल्या शेतीअवजारांच्या दुकानाला कुलूप घाली आणि बायकोला व आईला गाडीत बसवून नेब्रास्काबाहेर पडे. जिथे जाई तिथलं चित्र घेई. दुकानदार त्याला डिकॅल म्हणत. वोंद्रांच्या घरात नुसतं ‘चित्र’. बशीतल्या पाण्यात ते बुडवायचं, मागचा कागद सुटायला लागला की अलगद काचेवर सरकवायचं, रुमालाने दाबून आतली हवा काढायची. हे काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नसे. आणि एक नियम होता. जिथे आपली चाकं गेली, त्याच जागेचं चित्र लावायचं. नुसतं विकत घेऊन लावणाऱ्यांना तो चोर म्हणे.

“डेल, मागून कोण येतंय ते कळत नाही रे,” त्याची बायको लिओटा दर वर्षी एकदा तरी म्हणे.

“मागचं कशाला बघायचं? आपण पुढे चाललोय ना?” डेल्बर्ट म्हणे आणि स्वतःच हसे. पेट्रोल पंपावरच्या पोऱ्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना त्याने हा विनोद ऐकवला होता.

त्या वर्षी ते कोलोराडोच्या डोंगरात गेले त्याला कारण गावातला एमेट क्राउझ. चर्चच्या जेवणावळीला एमेटने आपली नवी गाडी मुद्दाम दाराशीच लावली होती. तिच्या काचेवर एकच चित्र होतं. कड्याच्या टोकावर उभं राहून खाली डोकावणारं काळं खेचर, आणि खाली लाल अक्षरांत लिहिलेलं, ‘ब्लॅक म्यूल घाट. मी ओलांडला.’

“तुझी काच बघितली हं डेल्बर्ट,” ताटात बटाटे वाढून घेताना एमेट चार लोकांत म्हणाला. “छान आहे. माझी आजीही यलोस्टोनला जाऊन आली. तिला अस्वल फार आवडलं.”

लोक हसले. डेल्बर्टही हसला, पण त्याच्या ताटातला पाव तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी टेबलावर कोलोराडोचा नकाशा पसरलेला होता.

घाटाच्या अलीकडच्या गावात त्यांनी मुक्काम केला. सकाळी नाश्त्याच्या वेळी खानावळीतली बाई म्हणाली, “घाटातून जाणार? आज? रविवारी जा ना. खाण बंद असते, ट्रक नसतात. इतर दिवशी लाकडं घेऊन ट्रक वर येतात, आणि तो रस्ता एकाच गाडीचा.”

“रविवारी आम्हाला घरी पोचायचंय,” डेल्बर्ट म्हणाला.

“मग मोठ्या रस्त्याने जा. लांब पडतो, पण माणूस पोचतो.”

“चित्र तर घाटापलीकडच्या गावातच मिळतं ना?”

बाईने त्याच्याकडे पाहिलं, मग लिओटाकडे पाहिलं, आणि कॉफीचं भांडं घेऊन दुसऱ्या टेबलाकडे गेली.

चढ बरा गेला. झाडं होती, रस्ता रुंद होता. मागच्या सीटवर डेल्बर्टची आई अल्बिना मांडीवर फडकं पसरून सुरीने पीच सोलत होती आणि एकेक फोड पुढे देत होती. चौऱ्याहत्तरीची बाई, कमरेत वाकलेली, पण जीभ सरळ. “खा रे. डोंगर काही पळून जात नाहीत,” ती म्हणे. माथ्यावर झाडं संपली. गार वारा आला. डेल्बर्ट तिथे थांबलाच नाही. एरवी नवी जागा आली की तो गाडीतून उतरून टोपी मागे सारून उभा राही. आज माथा आला कधी आणि गेला कधी ते कळलंसुद्धा नाही.

उतार लागला आणि रस्ता बदलला. डाव्या हाताला खडकाची भिंत, उजव्या हाताला काही नाही. खरंच काही नाही. लिओटाच्या बाजूच्या खिडकीतून खाली पाहिलं तर खूप खोल दोऱ्यासारखी नदी दिसत होती. डेल्बर्टने गाडी भिंतीला इतकी चिकटवून घेतली की बाहेरचा आरसा खडकाला लागून मुडपला. गाडी पायी चालावी तशी चालली होती.

“आरसा गेला, डेल.”

लिओटाने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कानामागून घामाचा ओघळ कॉलरमध्ये उतरत होता. बाहेर तर थंडी होती.

एक खडकाचा खांदा वळून ते पलीकडे आले. वळणाच्या अलीकडे रस्ता जरा रुंद होता, डोंगर पोखरून तिथे एक खाच केलेली होती, ती मागे गेली. आणि तेवढ्यात पुढून भोंगा वाजला.

खालून ट्रक येत होता. त्यावर खाणीचे लाकडी खांब साखळ्यांनी बांधून रचलेले. रेडिएटरमधून वाफ निघत होती. डेल्बर्टने ब्रेक दाबला. ट्रकही थांबला. दोन्ही गाड्यांच्या नाकांमध्ये एखादं गाढव आडवं उभं राहील एवढं अंतर राहिलं.

ट्रकवाल्याने खिडकीतून डोकं काढलं. सावळा, पांढऱ्या मिशांचा माणूस. “मागे घ्या, साहेब! मागे जागा आहे!”

डेल्बर्ट हलला नाही.

“साहेब, भरलेला ट्रक मला मागे नाही घेता येणार! हँडब्रेक वसंतातच वारला. मी पायावर उभा आहे, पायावर! घ्या मागे!”

“डेल,” लिओटा म्हणाली. “मागे घे.”

“हो.”

“घे ना मग.”

“हो,” तो पुन्हा म्हणाला. पण त्याचे हात स्टिअरिंगवर तसेच होते. बोटांची पेरं पांढरी पडली होती. नजर समोर होती, पण ट्रककडे नव्हती, कशाकडेच नव्हती. ओठ निळसर झाले होते.

लिओटाला वाटलं हृदयाचं काही झालं. “छातीत दुखतंय का? डेल! बोल माझ्याशी!”

“दुखत नाही. मला... लिओटा, मला हलता येत नाहीये.”

मागून अल्बिना हळू आवाजात म्हणाली, “त्याला काही झालेलं नाही. तो घाबरलाय. लहानपणी पवनचक्कीवर चढला होता, मधल्या पायरीवर असाच थिजला. शेजाऱ्याने दोरीने उतरवला.”

लिओटाने सासूकडे वळून पाहिलं आणि मग नवऱ्याकडे. वीज चमकावी तसं तिला एकदम सगळं दिसलं. ग्रँड कॅन्यनच्या कठड्याशी ती आणि आई उभ्या होत्या आणि डेल? दुकानात, चित्र निवडत. रॉयल गॉर्जच्या झुलत्या पुलावर त्या दोघी चालल्या आणि डेल? ‘तुम्ही जा, मी तोवर चांगलंसं चित्र बघून ठेवतो.’ दर वेळी. तिला वाटे, याला जागेपेक्षा चित्राचंच वेड. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिला हे कळलं नव्हतं, आणि त्याने कळू दिलं नव्हतं.

भोंगा पुन्हा वाजला. “बाई! तुमच्या माणसाला सांगा, माझा पाय लाकडाचा नाही!”

“उतरून त्याच्याशी बोलू का?” लिओटाने दार उघडायला हात नेला आणि तसाच मागे घेतला. दाराबाहेर पाय ठेवायला वीतभर माती होती, पुढे हवा. डेल्बर्टच्या बाजूचं दार भिंतीला लागत होतं. त्यातून मांजरही बाहेर पडलं नसतं. कुणी उतरू शकत नव्हतं. जे करायचं ते गाडीच्या आत बसूनच करायचं होतं.

“मी चालवते,” ती म्हणाली.

“तू?” डेल्बर्टने प्रथमच मान वळवली.

“मी. गाडी उलट्या गिअरमध्ये टाक. क्लच दाब. दाबलास? आता टाक. शाब्बास. मी इंजिन बंद केलं की हळूच क्लच सोड.” तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि हँडब्रेक सगळी ताकद लावून ओढला. “आता ब्रेकवरचा पाय काढ.”

“गाडी जाईल.”

“नाही जाणार.”

“लिओटा, जाईल!”

“डेल्बर्ट,” अल्बिना म्हणाली, “पाय काढ.”

त्या आवाजात काय होतं कोण जाणे. त्याने पाय काढला. गाडी एक क्षण करकरली, खाली बसल्यासारखी झाली, आणि थांबली. लिओटा त्याच्या मांडीवरून पलीकडे सरकली. तो तिच्याखालून अलीकडे आला. तिचा गुडघा भोंग्यावर पडला आणि तो केकाटला. ट्रकवाल्याने उत्तरादाखल आपला भोंगा वाजवला आणि काहीतरी स्पॅनिशमध्ये म्हणाला, ते त्यांना कळलं नाही हे बरंच झालं.

पण आता डेल्बर्ट दरीच्या बाजूला आला होता. त्याने खिडकीबाहेर पाहिलं आणि त्याच्या घशातून असा आवाज निघाला की लिओटाच्या अंगावर काटा आला.

“डोळे बांध त्याचे,” अल्बिना म्हणाली. “आग लागली की घोड्याला तबेल्यातून काढताना बांधतो ना, तसे.”

लिओटाने डोक्याचा रुमाल सोडला. निळ्या ठिपक्यांचा रुमाल. तिने तो नवऱ्याच्या डोळ्यांवर बांधला आणि मागे गाठ मारली. त्याने लहान मुलासारखं डोकं पुढे केलं. ते बघून तिला रडू आलं असतं, पण वेळ नव्हता.

तिने मागे वळून पाहिलं. मागे अस्वल होतं, रेडा होता, वटवाघळं होती. रस्ता नव्हता.

“आई, मला काहीच दिसत नाही. आरसाही मोडलाय. काच खरवडावी लागेल.”

अल्बिनाच्या हातात पीचची सुरी होतीच. तिने थर्मास उघडला, उरलेली कोमट कॉफी फडक्यावर ओतली, सीटवर गुडघे टेकले आणि फडकं काचेवर दाबून धरलं. मग सुरीचं पातं आडवं धरून खरवडायला लागली. आवाज डेल्बर्टच्या कानात शिरला.

“काय करतेस, आई?”

“काम करतेय.”

“रेडा आहे का तो? आई, रेडा नको! आपण तिघं पहिल्यांदा गेलो होतो तो!”

“रेडा गेला,” अल्बिना म्हणाली. “आता अस्वल.”

चित्रांवर चित्रं चढलेली होती. एक थर निघे, त्याखाली दुसरा दिसे. रंगाच्या भिजक्या गुंडाळ्या तिच्या बाह्यांवर, पीचच्या सालींवर पडत होत्या. तिचा श्वास लागला होता. दोनदा सुरी सटकली आणि अंगठ्यातून रक्त आलं. तिने अंगठा चोखला आणि पुढे खरवडलं.

“बाई!” ट्रकवाल्याचा आवाज आता वेगळा होता, त्यातली थट्टा गेली होती. “बाई, माझा पाय थरथरायला लागलाय. लवकर करा. देवाशपथ लवकर करा!”

“आई, पुरे! तेवढं पुरे!” लिओटा म्हणाली.

ताटाएवढी जागा मोकळी झाली होती. धुरकट, कॉफीचे ओघळ आलेली, पण त्यातून खडीचा पांढरा रस्ता दिसत होता, आणि पुढे तो खडकाचा खांदा.

“आता खाली बसा, आई, मध्ये येऊ नका. आणि दरीकडची खिडकी उघडा. तुम्हाला...”

“मला काही होत नाही. तो भित्रेपणा त्याच्या बापाकडून आलाय.” अल्बिनाने खिडकीची काच खाली केली आणि कमरेपर्यंत बाहेर वाकली. वाऱ्याने तिचे पांढरे केस उडाले. “चाक दिसतंय. काठापासून हातभर आत आहे. घे.”

लिओटाने इंजिन सुरू केलं. क्लच दाबला, हँडब्रेक सोडला, पेट्रोल दिलं. चढावर उलटी गाडी घेणं तिला ठाऊक होतं. लग्नाआधी बापाच्या शेतावरून बीटचे ट्रक तिने साखर कारखान्याच्या धक्क्याला उलटे लावले होते. पण त्याला किती वर्षं झाली! लग्न झाल्यापासून डेलने तिला चर्चच्या पलीकडे गाडी चालवू दिली नव्हती. तिने क्लच सोडला आणि इंजिन एक आचका देऊन बंद पडलं.

गाडी पुढे घरंगळली. लिओटाने ब्रेक दाबेपर्यंत ठण्णकन आवाज झाला. प्लिमथचं नाक ट्रकच्या नाकाला लागलं होतं. वरचे खांब साखळ्यांत कुरकुरले. ट्रक मागे एक फूटभर सरकला आणि थांबला. ट्रकवाला दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून जवळजवळ उभाच होता, दात विचकलेले, मानेच्या शिरा फुगलेल्या.

“पुन्हा,” अल्बिना बाहेरून म्हणाली.

लिओटाने पुन्हा इंजिन सुरू केलं. या वेळी जास्त पेट्रोल दिलं. मागची चाकं खडीवर गरगरली, दगड गाडीच्या पोटावर आपटले. गाडी तडफडली, पण मागे जाईना. जळल्याचा वास आत भरला.

“क्लच जळतोय,” डोळे बांधलेला डेल्बर्ट म्हणाला. आवाज फाटका होता, पण तो दुकानातला डेल्बर्ट होता. “अर्धवट धरू नकोस. पाय पूर्ण काढ. ती ओढेल. माझी गाडी आहे, मला माहीत आहे, ओढेल ती.”

तिने पाय पूर्ण काढला. प्लिमथने एक हिसका दिला आणि मागे निघाली.

“हातभर,” अल्बिना ओरडली. “हातभर... हातभर... थोडी भिंतीकडे घे... वीत! भिंतीकडे, पोरी!”

लिओटा मान मागे वळवून त्या ताटाएवढ्या भोकातून बघत होती. भोकाच्या कडेला अस्वलाचा एक पंजा राहिला होता. तिला बापाचा आवाज आठवला, धक्क्यावर उभा राहून तो ओरडायचा, ‘मागचं बघताना पुढचं विसरू नकोस! ढुंगण आत गेलं की नाक बाहेर जातं!’ खांदा जवळ आला. आता मागचा भाग भिंतीकडे वळवायचा होता, म्हणजे पुढचं चाक दरीकडे जाणार होतं. डेलच्या पायाखालचं चाक.

“आई, मागचं सोडा! पुढचं चाक बघा, पुढचं!”

अल्बिना आणखी बाहेर वाकली. “वीत आहे. वीत... कमी होतंय. चार बोटं! लिओटा, चार बोटं!”

थांबता येत नव्हतं. थांबली तर पुन्हा निघणार नाही हे लिओटाला पक्कं कळलं होतं. काठाची माती सुटली. डेल्बर्टच्या पायाखालून खडे निसटल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही, कारण ते पडतच होते. डेल्बर्टने दोन्ही हात डॅशबोर्डवर दाबले. ओरडला मात्र नाही. ओरडला असता तर तिचा हात चुकला असता, हे ती नंतर कित्येकदा म्हणे.

“दोन बोटं,” अल्बिना म्हणाली. ती आता ओरडत नव्हती. “पोरी, दोन...”

मागचा बंपर भिंतीला घासला. लिओटाने स्टिअरिंग उलटं फिरवलं, दोन्ही हातांनी, दंड दुखेपर्यंत. नाक आत आलं.

“वीत,” अल्बिना म्हणाली. “हात. दोन हात. अगं, आलो की आपण!”

गाडी खाचेत शिरली आणि मागून धाडकन खडकावर टेकली. लिओटाने इंजिन बंद केलं. पुढे काय करायचं ते तिला काही क्षण सुचेना.

ट्रक कण्हत वर आला. त्यांच्या शेजारून जाताना दोन्ही गाड्यांमध्ये तळहात आडवा मावला नसता. जरा सपाटीवर येताच ट्रकवाल्याने चाकांखाली दगड लावले आणि लंगडत खाली आला. जवळ येऊन त्याने टोपी काढली. त्याचा उजवा पाय अजूनही थरथरत होता.

“सिप्रियानो आर्चुलेटा,” त्याने नाव सांगितलं. “बाई, तुम्ही ट्रक चालवता?”

“बीटचे. लग्नाआधी.”

“वाटलंच मला.” त्याची नजर डोळे बांधलेल्या डेल्बर्टकडे गेली. लिओटाला वाटलं, आता हा हसणार. पण सिप्रियानोने नजर काढून घेतली आणि दरीकडे बघत म्हणाला, “माझा भाऊ खाणीत होता. जमिनीखाली मैलभर जायचा, शीळ घालत. आणि इथून घरी यायचा तो ट्रकच्या मागे पालथा पडून, तोंडावर गोणपाट घेऊन. माणसाला पाणी द्या, बाई. सावकाश उतरा. आता वरून येणारं कुणी नाही आणि खालूनही नाही, मी शेवटचा.”

उतारावरून गाडी लिओटानेच उतरवली. रुमाल डेल्बर्टने नदीच्या पुलावर पोचल्यावर सोडला, घडी घातली आणि तिच्या मांडीवर ठेवला.

खालच्या गावात ते जेवायला बसले. गल्ल्याशेजारी दोरीवर ती चित्रं चिमट्यांनी लावली होती, काळं खेचर, लाल अक्षरं. अल्बिनाने सूप मागवलं, अंगठ्याला चिंधी बांधून घेतली आणि मान त्या बाजूला हलवली. “घे की रे. चाकं तर गेली.”

“चाकं गेली,” डेल्बर्ट ताटाकडे बघत म्हणाला. “मी गेलो नाही.”

“मग मी घेते,” लिओटा म्हणाली. त्याला हसवायला ती हे म्हणाली. ते शब्द बाहेर पडल्यावर तिला कळलं, ते कसे लागले असतील.

त्याने मान वर केली. त्याचे डोळे लाल होते. “तुला आधीपासून माहीत होतं?”

“नाही.”

“खरं सांग.”

“नव्हतं माहीत, डेल. मला वाटायचं तुला आमच्याबरोबर उभं राहायचा कंटाळा येतो. कॅन्यनला मी किती वेळ मागे बघत होते, तू येशील म्हणून.”

त्याने काटा खाली ठेवला. “कठड्याकडे यायला निघालो होतो मी. खरंच निघालो होतो. दुकानाच्या पायरीपर्यंत आलो होतो.” त्याने बोटाने काटा सरळ केला. “आणि तू बीटचे ट्रक चालवायचीस. किती वर्षं?”

“सोळाव्या वर्षापासून, लग्न होईपर्यंत.”

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू कधी विचारलं नाहीस,” लिओटा म्हणाली. अल्बिना सूप फुंकत होती. लिओटाने सासूबाईंना गप्प बसलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

घरापर्यंतचा रस्ता दोन दिवसांचा होता, आणि तो घाटापेक्षा कठीण गेला. लिओटाने गाडीची किल्ली हातात धरून ‘घे’ म्हटलं, तर तो मुकाट्याने शेजारी जाऊन बसला. नकाशा मांडीवर धरून बसला आणि विचारलं तरच बोट दाखवी. रागावला होता, की लाजला होता, की मनात तिचा हिशेब मांडत होता, तिला काही समजेना. त्याच्या बापाने घोडा विकला होता, कारण त्या घोड्याने त्याला लोकांदेखत पाडलं होतं. ती गोष्ट तिने अल्बिनाच्या तोंडून ऐकली होती. रात्री मोटेलमध्ये तो भिंतीकडे तोंड करून झोपला. झोपला नव्हता, तिला श्वासावरून कळत होतं. आपण याला वाचवलं, आणि तेच हा आपल्याला माफ करणार नाही, असं तिला अंधारात वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगर मागे गेले आणि दोन्ही बाजूंना सपाट शेतं लागली. नेब्रास्काच्या हद्दीत शिरल्यावर पहिला पेट्रोल पंप आला. पंपावरचा तरणाबांड माणूस फडकं खांद्यावर टाकून आला आणि थेट लिओटाच्या पुढ्यातून वाकून पलीकडे डेल्बर्टला म्हणाला, “टाकी भरू का, साहेब? तेल बघू? आणि नाकाला काय झालं हो गाडीच्या? मालकीणबाईंना चालवायला दिली वाटतं?” तो स्वतःच मोठ्याने हसला.

लिओटाने स्टिअरिंग घट्ट धरलं. मागे अल्बिनाचं घोरणं थांबलं.

डेल्बर्टने नकाशाची एक घडी केली. मग दुसरी केली.

“मला काय विचारतोस?” तो म्हणाला. “तिला विचार. गाडी ती चालवतेय.”

पंपवाल्याने एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि टोपीला हात लावला. “टाकी भरू का, बाई?”

“भर,” लिओटा म्हणाली. “आणि क्लच बघून घे. जळालाय थोडा.”

“थोडा?” डेल्बर्ट म्हणाला. “थोडा म्हणे!” त्याने दार उघडलं आणि बाह्या सरसावत बॉनेटकडे गेला.